बनातले कंडक्टर

आबाराव एसटीतून निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या बायकोनं, सरुबाईंनी त्यांना घराबाहेर काढलं. भांडण असं काही नव्हतं. सगळी नोकरी कंडक्टर म्हणून गेलेली. माणसं पुढं सरकवायची आणि पिशव्या वर ठेवायला लावायची सवय हाडात मुरलेली. घरी बसल्यावर ती त्यांनी स्वयंपाकघरात सुरू केली. डब्यांची रांग बदलली. शेजारीण विरजण मागायला आली, तर तिला दारातून बाजूला व्हायला लावलं, कारण येण्या-जाण्याची वाट अडत होती. शेवटी सरुबाई भाकरी भाजत असताना ते मागून म्हणाले, "तव्यावर आजून एकीला जागा हाय."

"जागा बनात बी लई हाय," सरुबाई म्हणाल्या. "तिकडं जाऊन बसा. जेवायच्या टायमाला या."

बन म्हणजे म्हसोबाचं बन. बेंबळीच्या पुढं, आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. गाव वसलं त्याच्याही आधीचं, असं जुनी माणसं सांगतात. वड एवढे पसरलेत की मूळ खोड कुठलं आणि पारंबीचं कुठलं ते सांगता येत नाही. चिंचा, करंज, धावडे आणि त्यांच्या अंगावर चढलेली गुळवेल. पूर्वी इथलं वाळलेलं पान चुलीला न्यायलाही लोक भीत. म्हसोबा कोपतो म्हणत. आता ती भीती उरली नव्हती. नवस फेडायला, कंदुरीला आलेली पाव्हणेमंडळी बनातलीच फांदी तोडून बनातच बकरं शिजवत आणि जाताना प्लास्टिकचे ग्लास टाकून जात. रिकाम्या जागेत घाणेरीची काटेरी झुडपं माजली होती.

आबाराव बौद्ध. म्हसोबाला ते मानत नव्हते, आणि म्हसोबानंही त्यांच्याविषयी कधी तक्रार केली नव्हती. वडाखाली पेपर उघडून बसतात न बसतात, तोच डोक्यावर कडकड आवाज झाला. एक धट्टाकट्टा माणूस वडाला लागूनच असलेल्या करंजावर चढून फांदी मोडत होता.

"ओ पाव्हणं!" आबारावांचा एसटीतला आवाज सुटला. "उतरा खाली! मागल्या बाजूनं उतरा!"

माणूस दचकून मागल्या बाजूनं उतरला. मग त्याला प्रश्न पडला. "तुमी कोण?"

आबारावांनाही तो त्याच वेळी पडला. "हितला कंडक्टर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गाडी मागं घेताना वाजवायची शिट्टी गळ्यात अडकवून बनात हजर झाले. कंदुरीवाल्यांना त्यांनी सांगितलं, जळण घरून आणायचं, पत्रावळ्या परत न्यायच्या, डीजे ओढ्याच्या पलीकडं. कुणी वाद घातला की शिट्टी. शिट्टीपुढं वाद चालत नाही. समोरच्यानं कितीही मुद्द्याचं काढलं तरी ऐकूच येत नाही.

याचा पहिला त्रास लिंबाजींना झाला. म्हसोबाची पूजा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ते तणतणत आले.

"आबाराव, हे देवाचं बन हाय. देव राखंल त्याला. तुमची शिट्टी कशाला?"

"राखू द्या की. पर हे ग्लास कोण उचलणार? देव?"

लिंबाजींनी ग्लासांच्या ढिगाकडं पाहिलं. "ग्लासाचं देवाला कळत नसंल," ते म्हणाले. "ते नवीन निघालंय."

दुसऱ्या दिवशी लिंबाजी खताची रिकामी पोती घेऊन आले. मग द्वारकाबाई आल्या, त्या खरं तर भांडायला. आबारावांनी त्यांच्या शेळ्या बनातून हाकलल्या होत्या. पण भांडता भांडता त्यांचं लक्ष घाणेरी उपटणाऱ्या लिंबाजींकडं गेलं. "असं उपटत्यात व्हय? मुळी राहिली की सगळी खाली!" म्हणत त्यांनी कुदळ हिसकावून घेतली, ती परत दिलीच नाही. हळूहळू दर रविवारी पंधरा-वीस माणसं जमायला लागली. शेळ्या मात्र ओढ्यापलीकडंच राहिल्या.

बनाचं नाव जिल्ह्यापर्यंत गेलं आणि एक मोठे साहेब पाहायला येणार असं कळलं. त्या दिवसापासून आबाराव बदलले. बनात फ्लेक्स लावायचा नाही हा त्यांचाच नियम. पण फ्लेक्स बनाच्या आत नाही, तोंडाशी आहे, असं त्यांनी ठरवलं. फ्लेक्सवर त्यांचा फोटो मधोमध होता. लिंबाजींचा कोपऱ्यात होता आणि म्हसोबाचा राहूनच गेला होता.

लिंबाजींचे जावई उत्तरेश्वर तेरखेड्याचे, फटाक्यांच्या धंद्यातले. आदल्या दिवशी ते सासुरवाडीला आले आणि म्हणाले, "साहेब येणार आन्‌ माळ न्हाय? आबासाहेब, गावाची काय इज्जत राहील?"

बनात आवाज करायचा नाही, हाही आबारावांचाच नियम. पण त्यांना 'आबासाहेब' आजवर कुणी म्हटलं नव्हतं. शिवाय जावयाला नाही म्हणायचं म्हणजे लिंबाजींचं तोंड पडणार.

"एकच," आबाराव म्हणाले. "आन्‌ लहान."

"एकदम लहान," उत्तरेश्वर म्हणाले.

तेरखेड्याला लहान कशाला म्हणतात ते आम्हाला साहेब गाडीतून उतरल्यावर कळलं. माळ ओढ्यापासून थेट वडापर्यंत अंथरली होती. द्वारकाबाई ओवाळायला ताट घेऊन पुढं झाल्या, साहेबांनी कपाळ पुढं केलं आणि माळ पेटली.

पहिल्या दणक्याला वटवाघळं उडाली. साहेब कौतुकानं वर बघायला लागले. धूर वडात शिरला. वडाच्या उंच फांदीला आग्या मोहोळ होतं, सुपाएवढं. आम्ही सगळे रोज त्याच्याखालून पाऊल न वाजवता जायचो. आता ते मोहोळ हललं. म्हणजे मोहोळ जागेवरच होतं, पण त्याची वरची काळी कातडी सुटून खाली यायला लागली.

"माशी!" लिंबाजी ओरडले.

पुढं कार्यक्रम राहिला नाही. ताट एकीकडं, हार एकीकडं. द्वारकाबाईंनी ताट टाकलं, पण कुदळ तेवढी उचलली. साहेबांचा ड्रायव्हर गाडीत शिरला आणि काचा वर करून बसला. साहेब बाहेरून काच वाजवत होते तरी त्यानं उघडली नाही. उत्तरेश्वर कुठं गेले ते कुणाला दिसलं नाही, नंतर ते ओढ्यातल्या डोहात सापडले, नाक तेवढं पाण्याबाहेर ठेवून बसलेले.

आबाराव मात्र पळाले नाहीत. शिट्टी तोंडात धरून ते उघड्यावर उभे राहिले आणि एकेकाला म्हसोबाच्या देवळाकडं लोटायला लागले. देऊळ ते केवढं! लिंबाजी एकटे आत बसले तर आरतीला हात फिरवायची पंचाईत.

"चला आत! पुढं सरका, पुढं सरका! आत सगळी जागा मोकळी हाय!"

"न्हाय ओ जागा!" आतून ओरड झाली.

"हाय! साहेब, तुमी मूर्तीच्या बाजूला व्हा. द्वारकाबाई, कुदळ बाहेर ठिवा!"

सगळे आत कोंबले गेले आणि आबाराव एकटेच बाहेर उरले, दाराशी, टोपी झाडत. कानाला, मानेला, नाकाला माश्या डसत होत्या. तरी पाय आत पडेना. कळायला लागल्यापासून कुठल्या देवळात ते गेले नव्हते.

लिंबाजींनी दारातून हात बाहेर काढला. "आबाराव! पाया पडू नका, पर आत या!"

"म्या फकस्त माशीपायी येतोय," आबाराव म्हणाले. "ध्येनात ठिवा."

"ठिवतो. आदी या!"

लिंबाजींनी त्यांना शर्टाला धरून आत ओढलं आणि दार लावलं. आत अंधार झाला. मग साहेबांचा आवाज आला, की एवढी जुनी झाडं अजून टिकून आहेत हे पाहून आपल्याला फार आनंद झाला. टाळ्या वाजवायला हात हलवायची सोय नव्हती.

संध्याकाळी माश्या परत फांदीला बसल्या. दवाखान्यात सगळ्यांना इंजेक्शनं मिळाली. साहेबांना दोनच डंख होते, आबारावांना जास्त. त्यांचा चेहरा एवढा सुजला होता, की सरुबाईंनी चहा हातात देताना विचारलं, "तुमीच ना?"

सूज उतरली, पण आबाराव उठेनात. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. शिट्टी त्यांनी लिंबाजींकडं पाठवून दिली. "नियम म्या केला आन्‌ म्याच मोडला," ते सरुबाईंना म्हणाले. "लोकास्नी कंच्या तोंडानं सांगू?"

"ह्याच तोंडानं. उतरलंय आता ते."

ते तरी उठले नाहीत. तेव्हा सरुबाई स्वतः बनात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या मागं लिंबाजी, द्वारकाबाई आणि मान खाली घातलेले उत्तरेश्वर होते.

"तुमी न्हाय तर शिट्टी म्या वाजवून बघितली," लिंबाजी म्हणाले. "कोणच थांबंना. उलट कुत्री आली."

"फ्लेक्स काढला का?" आबारावांनी भिंतीकडं बघतच विचारलं.

"शेळ्यांच्या गोठ्यावर टाकला," द्वारकाबाई म्हणाल्या. "पाणी गळत न्हाय आता. तुमचं तोंड आतल्या अंगाला केलंय, शेळ्या धाकात ऱ्हात्यात."

यावर आबारावांना हसू आवरलं नाही, आणि हसल्यावर पडून राहणं अवघड झालं. रविवारी ते बनात गेले. जमलेल्या माणसांपुढं उभे राहून म्हणाले, "माळेला परवानगी म्या दिली होती. चूक माझी." मग त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं.

पावसाळा सरताना, घाणेरी काढलेल्या मोकळ्या जागेत, देवळाकडं जाणाऱ्या पायवाटेवरच, कोवळी रोपं दिसली. करंजाची होती. कुणी लावली नव्हती, आपली आपण उगवली होती. आबाराव गुडघे टेकून कितीतरी वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पायवाटेवर आडवे दगड मांडले.

लिंबाजी तांब्या घेऊन आले आणि दगडांपाशी थांबले. "मंग म्या पूजेला जायचं कुठनं?"

"ओढ्याकडनं वळसा घ्या."

"त्यो लई लांबचा हाय."

"रोपं मोठी झाली की वाट सोडतो."

"करंज मोठा व्हईस्तोवर म्या राहतो व्हय?" लिंबाजी म्हणाले. आणि पुटपुटत, तांब्यातलं पाणी सांडू न देता, ओढ्याकडं वळले.