शेऱ्याचा रकाना

माझ्या खासगी रोजनिशीवर मुख्याध्यापकांची सही आहे आणि शाळेचा गोल शिक्काही आहे.

असं भाग्य फार थोड्या रोजनिश्यांच्या वाट्याला येतं. लोक रोजनिशी गादीखाली ठेवतात, कपाटात कोंबतात, फारच झालं तर फाडून टाकतात. माझी टेबलावर होती, झेंडूच्या हारात, समोर उदबत्ती! आणि पन्नास-साठ पालक तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. (हे सगळं मी स्वतःच्या अकलेने घडवून आणलं. कुणाचीही मदत घेतली नाही.)

आधी घर सांगते. मी सिल्वासात मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला भूगोल शिकवते. माहेर देवगडचं, सासर राजापूरचं, आणि संसार गेली वीस वर्षं इथे, कारण आमचे हे इथल्या सरकारी कचेरीत आहेत. मुलगी जुई कॉलेजात जाते आणि एका वाक्यात तीन भाषा बोलते. चौथं माणूस म्हणजे सासूबाई. त्या गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. निवृत्त शाळेतून झाल्यात, घरी अजून नोकरी चालू आहे. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये चार माणसं, त्यामुळे एकांत मिळायची जागा एकच, आणि तिथेही बाहेरून कुणीतरी "किती वेळ?" म्हणून कडी वाजवतंच.

अशा घरात मन मोकळं करायचं कुठे? यांना काही सांगावं तर हे पेपरातून "हूं" म्हणतात. त्याच "हूं"मध्ये "बरोबर आहे", "चूक आहे" आणि "चहा आण" हे तिन्ही बसतं. म्हणून मी रोजनिशी लिहायला घेतली. लिहिणं सोपं होतं हो, लपवणं कठीण!

पहिल्यांदा तांदळाच्या डब्यात ठेवली. दुसऱ्याच दिवशी आईंना (म्हणजे सासूबाईंना) तांदळात पोरकिडे झाल्याची शंका आली. मग साड्यांच्या घडीत ठेवली, तर जुईच्या कॉलेजात साडी डे निघाला. मग यांच्या जुन्या फायलींत घुसवली. वीस वर्षांत ज्या फायलींना यांनी हात लावला नाही, त्या त्याच रविवारी आवरायला काढल्या! शेवटी जुईने फोनवर कुलूपवाली रोजनिशी घालून दिली. चार दिवसांत मी पासवर्ड विसरले, आणि कुलूप उघडायला जुईलाच बोलवावं लागलं. "मम्मी, पासवर्ड तेरा खुद का नाव था," ती म्हणाली.

आणि मग एका शनिवारी शाळेत माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आम्ही शिक्षक टाचण वही लिहितो. कुठल्या दिवशी कुठला धडा, कसा शिकवणार, हे रकाने आखून लिहायचं आणि शनिवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचं. सर सही करतात, शिक्का मारतात. वाचत नाहीत. टाचण वही कुणीच वाचत नाही! लिहिणारी बाईसुद्धा दुसऱ्यांदा वाचत नाही. मग रोजनिशीला याहून सुरक्षित जागा जगात कुठे असणार?

मी नवी कोरी वही आणली, खाकी कव्हर घातलं, वर लेबल लावलं : 'इयत्ता सहावी, भूगोल'. आणि कुणी सहज उघडलंच तर संशय नको, म्हणून आत रकानेही टाचणाचेच आखले. घटक, उद्दिष्ट, साहित्य, कृती, शेरा. माझं मन त्या रकान्यांत इतकं छान बसलं म्हणून सांगू! उदाहरणार्थ :

घटक : वरण पातळ झाल्याबद्दल सासूबाईंचं मत. उद्दिष्ट : शांत राहणे. साहित्य : कुकर. कृती : कुकर ओट्यावर आपटला. शेरा : उद्दिष्ट साध्य झाले नाही. झाकणाला पोचा.

वही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टेबलावर पडून असायची. मी स्वतःवरच खूश होते. एकच गोष्ट विसरले होते, ती ओघाने येईलच.

त्या मंगळवारी माझं आणि आईंचं पडद्यांवरून वाजलं. मी पडदे धुवायला काढले, तर त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी शाळा सांभाळून हे सगळं सणाआधी व्हायचं." मी म्हटलं, "तुमच्या वेळी पडदे होते का?" झालं! त्यातच संध्याकाळी बदलापूरहून वन्संचा फोन आला : आईला आता कायमची माझ्याकडेच ठेवते. आई म्हणाल्या, "विचार करून सांगते." मी तणतणत वही उघडली आणि लिहिलं :

घटक : वन्संचा फोन. उद्दिष्ट : आईंनी बदलापूरला कायमचं जाणे. कृती : नवस. आई गेल्या तर संकष्टीला एकवीस मोदक. शेरा : गणपतीवर अवलंबून.

लिहून टाकलं आणि राग उतरला. गुरुवारपर्यंत तर मला लाजच वाटायला लागली. खरं सांगते, आई गेलेल्या मला नको होत्या. मी शाळेतून आले की "आज पोरांना काय शिकवलंस?" असं विचारणारं माणूस या घरात तेवढं एकच आहे. म्हणून रविवारच्या पालक मेळाव्यात प्रदर्शनाचं उद्घाटन कुणाच्या हस्ते करायचं, हा प्रश्न निघाल्यावर मी पटकन म्हटलं, "आमच्या सासूबाई! निवृत्त शिक्षिका आहेत." आईंना सांगितलं तर त्यांनी ट्रंकेतून ठेवणीतली साडी काढली आणि दोन दिवस पडद्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

शनिवारी दुपारी शाळेतून आले, जेवले, आणि मन मोकळं करायला वही उघडली. पहिलाच घटक : भारतातील नद्या!

खरी टाचण वही घरी, आणि रोजनिशी सकाळच्या घाईत मुख्याध्यापकांच्या टेबलावर! मी माझे सहकारी पाटील सर यांना फोन लावला. सर धुळ्याकडचे, मनाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे.

"बाई! अभिनंदन! मी तुम्हालाच फोन लावून ऱ्हायलो होतो!"

"सर, माझी वही..."

"एक नंबर! मुख्याध्यापक साहेबांनी उद्याच्या प्रदर्शनात आदर्श टाचण वही म्हणून तुमचीच ठेवली ना! सगळे रकाने भरलेले! शेऱ्याचा रकाना आम्ही कोणी भरतो का, सांगा बरं?"

"त्यांनी... वाचली?"

"वाचता कशाला? भरलेली दिसून ऱ्हायली ना!"

वही कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि ते लग्नाला वापीला गेलेले. फोन करून मागावी तर कारण काय सांगू? तिसऱ्या पानावर ते स्वतःच घटक होते.

आई देवळात गेल्यावर मी यांना आणि जुईला समोर बसवलं. "एक वही उद्या गुपचूप बदलायची आहे," मी म्हटलं. "कुठली ते विचारू नका."

"कुकर आपटलेली का?" यांनी विचारलं.

"तुम्ही वाचलीत?"

"अगं, झाकणाला पोचा कसा आला हे मला दुसरं कोण सांगणार होतं?"

"मम्मी, ए तो बहु मस्त छे!" जुई म्हणाली. "ते 'उद्दिष्ट : शांत राहणे' आम्ही फ्रेंड्समध्ये बोलतो पण."

फ्रेंड्समध्ये! माझा एकांत कॉलेजच्या कॅन्टीनपर्यंत पोचला होता. पण रडायला वेळ नव्हता.

"आईंनी तर नाही ना वाचली?"

"छे!" हे म्हणाले. "एका डोळ्यात मोतीबिंदू. तिला कुठलं ते बारीक अक्षर दिसतंय?"

तेवढ्यावर मी जीव धरून राहिले. आईंनी ते मोदकांचं पान पाहिलं असतं, तर त्या एक शब्द न बोलता त्याच संध्याकाळी ट्रंक भरून बदलापूरला गेल्या असत्या. आणि मी कुठल्या तोंडाने "राहा" म्हटलं असतं?

बेत ठरला. यांनी मुख्याध्यापकांना बोलण्यात गुंतवायचं आणि जुईने ओढणीखालून खरी वही काढून अदलाबदल करायची.

रविवारी जवळच्या सायली, गलोंडा गावांतले, कारखान्यांत काम करणारे पालक सुट्टी म्हणून झाडून आलेले. हॉल गच्च. हे सरांना गुंतवायला गेले, तर सरांनीच यांना धरलं, कारण शाळेच्या शेडचा अर्ज यांच्या कचेरीत पडून होता. इकडे जुई टेबलाजवळ गेली, तर पाटील सर पहाऱ्याला उभे! "बेटा, हात नको लावू. आदर्श वही आहे ती!" जुईने लांबून माझ्याकडे बघून खांदे उडवले. तेवढ्यात आईंनी फीत कापलीसुद्धा.

मी मनात म्हटलं, गणपतीराया, मोदक डबल करते, पण आईंना ते टेबल दिसू देऊ नकोस!

आणि मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला. "आज आपल्यात ज्येष्ठ शिक्षिका आहेत. माझी विनंती आहे, त्यांनी आपल्या सुनेच्या आदर्श वहीतलं एक पान वाचून दाखवावं."

टाळ्या!

मी पुढे धावले. "आई, तुमचा चष्मा... तुम्हाला त्रास होईल... मी वाचते ना!"

"सरक, तू बाजूला हो," असं काही त्या म्हणाल्या नाहीत, पण नजर तशीच होती. पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. वही हातात घेतली. उघडी होती ती थेट शेवटच्या पानावर, मंगळवारच्या. आई पानाकडे बघतायत. मी आईंकडे. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"घटक," आईंनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "दमणगंगा नदी."

मी डोळे उघडले.

"उद्दिष्ट : नदीचं महत्त्व विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे. साहित्य : नकाशा. कृती : बाईंनी मुलांना नदीकाठी न्यावं आणि सांगावं, बाळांनो, नदी खूप जुनी आहे. ती कधी रागावते, कधी काठावरची माती नेते. पण आपल्याला कंटाळा आला म्हणून तिला उचलून दुसऱ्या गावाला नेऊन ठेवता येत नाही."

पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एक बाई तर डोळे पुसत होत्या. जुईने काम फत्ते केलं वाटतं, म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने ओढणी जराशी बाजूला केली. खरी वही अजून तिच्याच हातात होती!

परतीच्या रिक्षात मी आईंच्या शेजारी बसले. आदर्श वही माझ्या मांडीवर होती, हाराची दोन फुलं अजून तिला चिकटलेली. मंगळवारच्या पानावर गोल शिक्का होता आणि सरांनी लाल पेनने लिहिलं होतं : "पाहिले. उद्दिष्ट स्पष्ट आहे. छान." रिक्षा नाक्याला वळली. आई म्हणाल्या, "एकवीस?"

मी वही पटकन मिटली.

"अगो, मी काय एकवीस मोदकांची बाई आहे? निदान एक्कावन्न तरी बोलायचीस!"

"आई, मी... रागात... तुम्हाला आधीपासून..."

"टाचण वही समोर दिसली की मला वाचल्याशिवाय राहवतं का गो? चौतीस वर्षं लिहिल्यात मी. कुणी एक वाचली नाही कधी. म्हटलं, निदान सुनेची तरी आपण वाचावी." त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. "एक डोळा चांगला आहे माझा. कुकरचा दिवस तू फार छान लिहिला होतास. मला हसू आलं."

मी भर रिक्षात रडायला लागले. "तुम्ही जाऊ नका बदलापूरला," मी म्हटलं.

"जात्येय कुठे? तिच्याकडे वाचायला काय आहे?"

जगात टाचण वही वाचणारं एकच माणूस होतं, आणि मी ते माणूस घरात असताना रोजनिशी टाचण वहीत लपवली होती. हीच ती विसरलेली गोष्ट.

संकष्टीला मी एक्कावन्न मोदक केले. सासू गेली तर फेडायचा नवस, सासू राहिली म्हणून फेडला! आई स्टुलावर बसून देखरेख करत होत्या, आणि मी एकदाही कुकर आपटला नाही. संध्याकाळी वही उघडून अभिमानाने लिहिलं : घटक, मोदक. उद्दिष्ट, आईंना खूश करणे. कृती, एक्कावन्न. शेरा लिहायचा तेवढा राहिला, कारण दूध उतू चाललं होतं.

परत येऊन बघते तर रकाना भरलेला. अक्षर थरथरतं, पण वळणदार : "कळ्या कमी. सारण गोड. उद्दिष्ट अंशतः साध्य." खाली सही.

शेऱ्याचा रकाना हल्ली मी रिकामाच सोडते.