चौतीस वर्षांत कोंबलेले बादशहा

जेरुसलेमच्या नहलाओत मोहल्ल्यातले निवृत्त मास्तर एल्याकिम यांना जगाच्या निर्मितीपासूनची सगळी सालं तोंडपाठ होती. दिवंगत पत्नीचा वाढदिवस तेवढा कधी लक्षात राहिला नाही. धर्मग्रंथातल्या हिशोबात इजिप्त-बाबिलोनचा इतिहास बसवणं हे त्यांचं जन्माचं काम. एखादा पिरॅमिड नोहाच्या जलप्रलयाआधीचा निघाला, तर मास्तर प्रलयाला हात लावत नसत. पिरॅमिडलाच दम देत.

घोडं अडलं ते इराणपाशी. जेरुसलेमचं दुसरं मंदिर उभं राहिल्यापासून सिकंदर येईपर्यंत ज्यूंची परंपरा मोजते चौतीस वर्षं, आणि इतिहासकार दोनशेच्या घरात जातात. मास्तरांनी तोडगा काढला, की सायरस, दरायस, अर्तक्षत्र हे इराणचे बादशहा सगळे एकच गृहस्थ. झालं, दीडशेवर वर्षं निकालात.

आणि साठीनंतर मास्तर प्रेमात पडले, ते नेमके इराणातल्या शिराजहून आलेल्या ज्यू मेहरंगीजबाईंच्या.

बाईंनी शुक्रवारी जेवायला बोलावलं. त्यांचे थोरले भाऊ नूरुल्लाह गालिच्यांचे व्यापारी; त्यांच्या होकारावाचून लग्न होणार नव्हतं. रश्श्यातला दुसरा गोंदी, म्हणजे कोंबडी-बेसनाचा गोळा, तोंडात असताना मास्तरांनी आपला शोध ऐकवला. छाप पडेल, असा त्यांचा होरा.

नूरुल्लाहनी चमचा खाली ठेवला. “मास्तर, सोयरीक करायला आलात आणि आमचे बादशहा गिळून बसलात? आधी ते बाहेर काढा, मग बहिणीचं बोलू.”

मास्तरांची झोप उडाली. बादशहा परत द्यावेत, तर जगाचं वय वाढणार. लग्नाच्या करारात निर्मितीपासूनचं साल लिहायचं असतं. सालच खोटं, तर लग्न कसलं? न द्यावेत, तर नवरीच नाही. शेवटी त्यांनी बाईंनाच गाठून सगळं सांगितलं.

बाई भेंडी चिरत होत्या. “करारात सालापुढे काय लिहितात हो?”

“इथं आम्ही मोजतो त्या हिशोबानं.”

“मग इथं म्हणजे तुमच्या सिनेगॉगात. माझ्या स्वयंपाकघरात आमचा हिशोब. तिथं प्रत्येक बादशहाचं ताट वेगळं. दादाला मी सांगते.”

लग्न झालं. मास्तर आजही सिनेगॉगात बादशहा एकच असल्याचं ठणकावून सांगतात. घरी मात्र मेव्हण्यांसमोर एकेका बादशहाचं नाव अदबीनं, वेगवेगळं घेतात. एखादा राहिलाच, तर बाई पुढचा गोंदी वाढत नाहीत. मोठमोठ्या विद्वानांना न सुटलेला पेच असा सुटला. त्या बिचाऱ्यांनी शिराजची बायको केली नव्हती, एवढंच.