अक्काच्या दाराची दिशा

माझं काम लोकांना सांगताना नेहमी घोळ होतो. आमच्या अहमदपुरात समुद्र कुठून येणार? त्यामुळं "मी जहाजांवरची होकायंत्रं नीट करतो" म्हटलं की समोरचा आधी मला वरपासून खालपर्यंत बघतो, मग विचारतो, "म्हंजे घड्याळवाल्यासारखं का?" मी हाव म्हणून मोकळा होतो. कोण डोकं लावत बसणार?

पण कामात मी पक्का आहे, हे सांगायला मला लाज नाही. जहाज म्हणजे सगळं लोखंड, आणि लोखंड जवळ आलं की सुई सरकते. म्हणून जहाज बंदराबाहेर नेऊन सावकाश गोल फिरवायचं. एखादा दीपस्तंभ नेमका कुठं आहे हे नकाशावरून आधीच ठाऊक असतं. त्याच्यावर नजर धरून सुई किती चुकते ते बघायचं आणि होकायंत्राखाली छोटी चुंबकं सरकवत ती चूक मारायची. पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचंही तसंच. मोजलेल्या साखळीला लोखंडी पाटी बांधून जहाजाखाली सोडायची. पाटी जितकी खोल, तितकाच आकडा पडद्यावर आला पाहिजे. तो बराबर आल्याशिवाय तळ किती खोल आहे ते विचारायचंच नाही. यंत्राला आधी आपल्याला ठाऊक असलेलं विचारावं, ही आमच्या धंद्यातली पहिली रीत.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलो होतो, तेव्हा रेणापूरहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आवाज बसलेला. म्हणाली, "भाऊ, तुझी ती सुई घेऊन ये. हे दार फोडायला निघालेत."

झालं होतं असं. अक्कानं आणि दाजींनी नवीन घर बांधलं, तेव्हा दार कुठं ठेवायचं हे अक्कानं ठरवलं होतं. दाजींना दुसऱ्या बाजूला हवं होतं, पण सकाळचं ऊन घरात यावं म्हणून ती हटून बसली. मग वर्षभरात पोरीचं जमलेलं लग्न मोडलं आणि पाठोपाठ सासूबाई न्हाणीत पडून त्यांचा पाय मोडला. दाजींनी एका वास्तूवाल्याला बोलावलं. त्यानं उंबऱ्यात उभं राहून होकायंत्र धरलं आणि सांगितलं, दार पूर्वेला नाहीच, आग्नेयेकडं पार ढळलंय. तेव्हापासून घरात जे काही बिघडलं ते दारानं केलं, आणि दार कुणी ठरवलं? अक्कानं. गवंड्याला सोमवारी यायला सांगून ठेवलं होतं.

माझं टाळकं सणकलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं रेणापूर गाठलं.

दाजी ओट्यावरच बसले होते. "शरणार्थ" म्हणून नमस्कार झाला, पाणी झालं. मग म्हणाले, "या सुईवाले. तुम्ही तुमच्या बहिणीच्याच बाजूनं बोलणार, हे आम्हाला ठाऊक हाय."

"मी न्हाई बोलत, दाजी. सुई बोलंल. अन् ती तुम्हीच धरायची," मी म्हणालो.

त्यांना उंबऱ्यात उभं केलं आणि माझं होकायंत्र त्यांच्या हातात दिलं. खिशातला मोबाईल काढून ठेवायला लावला. सुईच्या हिशोबानं दार आग्नेयेकडंच निघालं. वास्तूवाला खोटं बोलला नव्हता. दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, की आता बोला. अक्का आतल्या दाराशी पदर धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला.

मी हसत होतो. कारण मुख्य दाराच्या बाहेर बसवलेलं लोखंडी जाळीचं जाडजूड दार मला आल्या आल्याच दिसलं होतं. दिसणार नाही तर काय? ते आम्हीच दिलं होतं. आमचं अहमदपूरला लोखंडाचं दुकान. वास्तुशांतीला माहेरचा आहेर म्हणून दुकानातलं निवडक लोखंड घालून ते करून घेतलं होतं. टेम्पोतून उतरवताना गल्ली बघायला जमली, तेव्हा माझी छाती केवढी फुगली होती. बहिणीच्या डोक्यावर बसलेलं बालंट आमच्याच दुकानातून आलं होतं.

"दाजी, हे दार उचलू लागा जरा," मी म्हणालो.

दोघांनी मिळून बिजागऱ्यांमधून ते उचललं आणि गल्लीच्या पार पलीकडच्या भिंतीला नेऊन टेकवलं. दोघंही घामाघूम. परत येऊन दाजींनी सुई धरली. सुई हलली, डुलली आणि थांबली, तेव्हा तिच्या हिशोबानं दार जवळजवळ पूर्वेलाच होतं. दाजींनी होकायंत्र आडवं-उभं करून बघितलं, हलवून बघितलं. सुई पुन्हा तिथंच.

"जादू हाय का काय ही?" ते म्हणाले.

"लोखंड हाय. उंबऱ्यातल्या सळईचीही थोडी ओढ असंल. म्हणून आता ज्याला लोखंड ओढत न्हाई त्याला विचारू."

अंगणात ओळंबा लावून एक काठी सरळ उभी रोवली. तिच्या सावलीच्या टोकावर खूण केली आणि काठीभोवती दोरीनं तेवढाच गोल आखला. दुपारी कललेली सावली पुन्हा त्या गोलाला टेकली, तिथं दुसरी खूण केली. दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. सूर्य माझाही पाहुणा नाही आणि दाजींचाही नाही. त्या रेघेला धरून दोरी ताणली, तर ती दारातून नीट आत गेली. दाजींनी वाकून बघितलं, पलीकडून जाऊन बघितलं आणि गवंड्याला फोन लावला. सोमवारी येऊ नको म्हणाले.

मी खुशीत होतो. दाजींची अशी जिरवली होती की काय सांगावं. जाळीचं दार पुन्हा बसवून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. अक्का चहा टाकत होती. मला वाटलं, आता ती पाठीवर हात ठेवंल. ती चुलीकडं बघतच म्हणाली, "अन् दार खरंच वाकडं निघालं असतं, तर?"

"न्हाई ना निघालं."

"निघालं असतं, तर सासूबाईंचा पाय मी मोडला असता का रे? पोरीचं लग्न मी मोडलं असतं का?"

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. दिवसभर उन्हात उभं राहून मी दार सुटलं म्हणून नाचत होतो, आणि अक्का अजून त्या आरोपाखालीच उभी होती. मला फार वाईट वाटलं. बहिणीच्या घरी भावानं जास्त बोलू नये म्हणतात. मी तांब्या ठेवला आणि बाहेर गेलो. दाजी ओट्यावर होते, सासूबाई आतल्या खाटेवर.

"दाजी," मी म्हणालो, "दार सरळ हाय, ते बरंच झालं. पण ते वाकडं असतं तरी अक्काचा काही कसूर नव्हता. पुन्हा तिच्या डोक्यावर काही ठेवू नका."

तेवढ्यात आतल्या खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला.

"साबणावर पाय पडला माझा. मीच ठेवला होता खाली." त्यांनी पाय हातानं उचलून जरा सरकवला. "वर्ष होत आलं. दाराला इचारलं, सुईला इचारलं, सावलीला इचारलं. मला इचारलं का कुणी?"

नव्हतं विचारलं. मी सकाळपासून त्यांच्या खाटेजवळून चारदा तरी येरझारा घातल्या होत्या.

अक्का चहा घेऊन बाहेर आली. तिनं पहिला कप सासूबाईंना दिला.