मी पाजलेलं पाणी

माझा आवाज मोठा आहे. कारखान्यातल्या घरघरीत बोलून तो मोठा झाला असं मी लोकांना सांगतो, पण आक्का म्हणायची की हा पाळण्यात होता तेव्हापासून असाच बोंबलतोय. तिला तो हक्क होता. मी चार वर्षांचा असताना आई गेली आणि पंधरा वर्षांच्या आक्काने मला कडेवर घेतलं. माझ्यापायी तिचं लग्नही लांबलं. पुढे लग्न होऊन ती सुरतेला आली, डिंडोलीत दाजींबरोबर दीड खोलीत संसार मांडला, आणि मला मिसरूड फुटायच्या आत दाजींच्या मागे लागून तिने मलाही खानदेशातून बोलावून घेतलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. त्यामुळे असेल, माझी मिशी चांगली दाट झाली तरी ती मला ताटातलं संपव म्हणून दटावायची.

दाजी लूमवर होते, मी पलसाण्याला एका डाईंगच्या कारखान्यात, आणि आक्का भेस्तानच्या एका चिंध्यांच्या गोडाउनमध्ये. मिलमधून उरलेले कापडाचे तुकडे तिथे पोत्यांनी यायचे. वीसेक बाया जमिनीवर बसून ते निवडायच्या, रंगाचं रंगात, सुताचं सुतात. वर पत्रा. पंखा नव्हता, कारण पंखा लावला की चिंध्या उडतात. खिडक्या होत्या, पण त्याही त्याच कारणाने बंद. तिथे कुणाचं नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. आज एक आली नाही तर उद्या तिच्या जागी दुसरी बसायची, आणि शेठला चेहऱ्यातला फरकही कळत नसावा.

ही नव्वदनंतरची गोष्ट. हवामान बदलतंय वगैरे भाषा आमच्यापर्यंत पोचली नव्हती. होळीच्या आधीच पत्रा चटके द्यायला लागतो आणि पाऊस लागेपर्यंत थांबत नाही, एवढं मात्र सगळ्यांच्या बोलण्यात यायचं. अशाच एका चैत्रात आक्का चिंध्यांच्या ढिगावर आडवी झाली. बाया तिला रिक्षात घालून घरी घेऊन आल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिची जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली आणि मला सांगितलं, अंगातलं पाणी आटलंय, हिला पाणी पाजत जा.

झालं. हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. एखादी गोष्ट मनावर घेतली की मी दुसऱ्याला दम खाऊ देत नाही.

मी मुकादमाच्या हातापाया पडून कायमची रातपाळी मागून घेतली. सकाळी सुटलो की घरी न जाता थेट भेस्तानला. कुंभाराकडून दोन मोठे माठ आणले, गोडाउनच्या दाराशी विटांवर मांडले, त्यांना गोणपाट गुंडाळलं. बाजारातून लिंबं आणायचो, मीठ-साखर घालायचो. शेठने हरकत घेतली नाही, कारण त्याला काही करायचं नव्हतं. मग मी नियम केला. लोखंडी पट्टीचा एक तुकडा दाराला टांगला आणि दर तासाला तो वाजवायला लागलो. पट्टी वाजली की प्रत्येकीने उठायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि मगच परत बसायचं. कुणी टंगळमंगळ केली की मी ओरडायचो. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मला त्यांनी ‘पानीवाला भाऊ’ असं नावच पाडलं होतं.

आक्का सगळ्यात शेवटी उठायची. तांब्या घेऊन माठाआड जायची. मी म्हणायचो, पूर्ण पी, अर्धा ठेवू नकोस.

“कसाले बोंबलस रे भाऊ? पी राहिनू ना मी,” ती माठाआडूनच म्हणायची.

दुपार कलली की मी तिथेच कडुलिंबाखाली अंग टाकायचो, तासभर डोळा लागायचा, आणि पुन्हा पलसाण्याला. वजन उतरलं, डोळे खोल गेले, पण मी फार खुशीत होतो, हे कबूल केलं पाहिजे. जवळच्या दोन गोडाउनांतून मला बोलावणं आलं. तिथेही माठ मांडले. डिंडोलीत आमच्या मंडळींच्या बैठकीत एका जुन्या माणसाने माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की पोराने पुण्याचं काम केलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आक्काने ते ओळखलं आणि गंमतीने माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

ज्येष्ठ लागला तशी आक्काची कंबर धरली. वाकून काम करून धरली असेल म्हणून तिने शेकून घेतलं. मग अंगात बारीक ताप राहू लागला. सकाळी पाय सुजलेले दिसायचे, तोंडाला चव नव्हती, भाकरीचा वास आला की तिला मळमळायचं. तरी कामाला जायची. शेवटी दाजींनी आणि मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, लघवी तपासली. तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती, दमलेली होती. तिने विचारलं, ही पाणी पीत नाही का?

माझं डोकं फिरलं. म्हणालो, काय बोलता बाई, मी स्वतः उभा राहून दर तासाला पाजतो! सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. दाजी माझा सदरा ओढायला लागले.

ती चिडली नाही. तिने कागदावरून वर पाहिलं आणि विचारलं, तिथे बाया लघवीला कुठे जातात?

दोन महिने मी त्या दारात उभा होतो. मला लागली की मी मागच्या भिंतीला जायचो, शेठचा माणूसही तिथेच जायचा, रिक्षावालेही. गोडाउनच्या एका बाजूला रस्ता, दुसरीकडे लूमचे कारखाने, तिथे पुरुषांची ये-जा. बाया कुठे जातात हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी आक्काकडे पाहिलं. ती खाटेवर पडून छताकडे बघत होती. माझ्यासमोर असलं बोलणं निघालं म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

डॉक्टरीणबाईने पुढे जे सांगितलं ते मला हळूहळू समजलं. दिवसदिवस पाणी न पिता त्या भट्टीत बसायचं, जे थोडं साठेल तेही दाबून धरायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्यातून आत जंतू झाले, ते वर चढले. दोन्ही किडन्या जवळपास गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी गोडाउनला गेलो. माठ भरले नाहीत, पट्टी वाजवली नाही. बायांमध्ये अमळनेरकडची एक म्हातारी होती, सगळ्यांत जुनी. तिच्यासमोर बसलो आणि खरं सांग म्हणालो. तिने हातातली चिंधी खाली ठेवली नाही. बाया पहाटे उजाडायच्या आत रुळांपलीकडे जाऊन येतात, ती म्हणाली, आणि मग अंधार पडल्यावर. मधल्या वेळात जायला जागा नाही, म्हणून कुणी पाणी पीत नाही. प्यायला काय जातंय, नंतरचं काय?

“मग माझे माठ रोज रिकामे कसे व्हायचे?”

तिने माठांकडे हात केला. खाली विटांपर्यंत गोणपाट भिजलेलं असायचं. मला वाटायचं माठ छान पाझरतो. बाया माठाआड जायच्या, तोंड ओलं करायच्या आणि तांब्या गोणपाटावर रिता करायच्या.

“तुनी आक्कानीच आमले सांगेल व्हतं,” म्हातारी म्हणाली. “मना भाऊ रातभर काम करीसन येस, त्याले ना म्हनू नका. त्याले वाईट वाटी.”

मी तिथून उठलो ते भिंतीमागे जाऊन रडलो. नेहमीची तीच भिंत. वीस बायांनी दोन महिने माझं मन राखलं होतं, आणि मी त्यांच्यावर ओरडत होतो.

त्यानंतर मी बायांसाठी संडास मागायला शेठकडे गेलो. माठांना हो म्हणणारा शेठ आता हसायलाही तयार नव्हता. “भाई, आ गोडाउन छे, धर्मशाला नथी.” मी आरडाओरडा केला, त्याने मला बाहेर काढलं. माझ्या आवाजाचा तिथेही काही उपयोग झाला नाही. झाला तो बायांचा. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी दाराबाहेर रस्त्याच्या कडेला बसली आणि तिच्याशेजारी सगळ्या बसल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी बोललं नाही. दुपारपर्यंत पोती उघडली गेली नाहीत तेव्हा शेठने मागचा एक कोपरा दाखवला आणि म्हणाला, काय करायचं ते तुमचं तुम्ही करा.

दाजी आणि मी मिळून खड्डा खणला. त्यांची बायको दवाखान्यात होती आणि ते इथे वीस बायांसाठी माती उपसत होते. पण मला एकदाही टाकून बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं. विटा रचल्या, पत्र्याचं दार बसवलं, आतून कडी लावली. म्हातारीने दार दोनदा उघडून बंद करून पाहिलं, मग आत जाऊन कडी घातली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, पुन्हा भरलेल्या माठापाशी गेली आणि आमच्या सगळ्यांसमोर उभी राहून एक तांब्या प्यायली. मग दुसरा.

आता असल्या कामाला शिकलेली मंडळी येतात. पत्र्याला पांढरा रंग लावतात, उन्हाच्या वेळी काम थांबवा म्हणून मालकांशी बोलतात, बायांना उन्हाचे इशारे समजावून सांगतात. चांगली मुलं आहेत. मलाही बोलावतात, कारण मला गल्ल्या ठाऊक आहेत. मी आधी संडास बघतो, मग कडी, आणि मगच पाण्याचं बोलतो. माझा स्वभाव विचित्र आहे असं त्यांना वाटतं.

तेव्हा दवाखान्यात आक्काला रक्त साफ करायच्या मशीनवर दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा तिनेच नको म्हटलं, मला घरी न्या. घरी आणताना डॉक्टरीणबाईने आम्हाला बजावलं की आता हिचं शरीर पाणी बाहेर टाकू शकत नाही. पाणी मोजून द्यायचं, दिवसाला चार पेले, गोळ्यांसकट. जास्त गेलं तर छातीत भरेल. दाजी म्हणाले, मला ते जमणार नाही, तिने मागितलं की मी देऊन टाकीन. ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं, कारण मी कडक होतो.

पाऊस अजून लागला नव्हता. खोलीत उकडत होतं. आक्काची जीभ कोरडी पडून पांढरी झाली होती आणि ओठांना चिरा गेल्या होत्या. मी तिला संडासाचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं. तिला खूप बरं वाटलं.

“कडी शे का आतून?” तिने विचारलं.

आहे म्हणालो. मग ती म्हणाली, मले पानी दे. दुपारचे तीन वाजले असतील. तिचे तीन पेले झाले होते, चौथा मी संध्याकाळच्या गोळ्यांसाठी ठेवला होता. मी संध्याकाळी देतो म्हणालो. तिने पुन्हा मागितलं. मी नाही म्हणालो.

“तवय पी पी म्हने,” आक्का म्हणाली. चेहऱ्यावर हसू होतं. “आते मी मांगस, तं तू देस नही.”

मी तिच्यावर ओरडलो. डॉक्टर येडी शे का, असं काहीसं म्हणालो. शेजारची बाई दारात येऊन बघून गेली. आक्काने तोंड भिंतीकडे केलं आणि त्यानंतर तिने काही मागितलं नाही.

संध्याकाळी मी पेला घेऊन गेलो तेव्हा तिला उठवत नव्हतं. मान उचलून पेला ओठांना लावला तर पाणी तोंडाच्या कडेने उशीवर गेलं. दिवेलागणीला ती गेली. गल्लीतली माणसं जमली, दाजी येईपर्यंत बायांनी सगळं केलं. कुणीतरी वाटीत पाणी आणि तुळशीचं पान आणून माझ्या हातात दिलं. म्हणाले, भावाच्या हातचं पाणी घाल तिच्या तोंडात. मी चमचा भरून घातला. एकजण म्हणाला, अजून घाल, घाल रे, आता कसली भीती. मी वाटी संपेपर्यंत घालत राहिलो, आणि ते सगळं तिच्या गळ्यावरून खाली ओघळत राहिलं.