ओली चालेल

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा बाकीचं सगळं सांगते आणि हे तेवढं गिळते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि तुम्ही आमच्या कोन गावचे नाही — कोनच्या माणसाला दुपारी सांगितलं तर चहाच्या वेळेपर्यंत ते भिवंडीच्या नाक्यावर पोचलेलं असतं.

पण सांगायचं म्हटलं तरी सरळ तोंडातून येत नाही हो. आधी माझी हुशारी ऐका, मग ते.

मी काटकसरीची बाई. आळीत कोणाची महिनाअखेरीला ओढाताण झाली की बाया माझ्याकडे यायच्या — वहिनी, तुम्ही कसं भागवता हो? मग मला असं काही स्फुरण चढायचं! दुधीची सालं फेकू नका, तीळ घालून चटणी करा. तांदूळ नको, कणी घ्या, भाकरीला कणीचं पीठ काय वाईट? शेवग्याचा पाला रस्त्याच्या कडेला फुकट मिळतो. बाजारात जायचं ते भाजीवाली टोपली आवरायला लागली की. पेज ओतून द्यायची नाही, मीठ-जिरं घालून सकाळी पोरांपुढे ठेवायची. एका सुक्या बोंबलात मी पाच माणसांचं कालवण करायचे, खोटं नाही सांगत. (‘खोटं नाही सांगत’ म्हणताना आता जीभ अडते, पण असू दे.)

ही दोन हजार चार-पाचच्या आसपासची गोष्ट. नवरा निजामपुऱ्यात लूमवर होता. जेवढं कापड विणलं तेवढी मजुरी. आणि तेव्हा ती लोडशेडिंगची धाड आलेली — निम्मा दिवस लाइटच नाही. लूम बंद तर मजुरी बंद. नवरा शिफ्टला जायचा आणि बंद लूमसमोर बसून घरी यायचा. पोरं दोन, शाळेत जाणारी. आणि आई.

आई म्हणजे माझी सासू, हिराबाय. आमच्यात सासूला अहो-जाहो करत नाहीत, मी तिला ए आईच म्हणायचे. तिचा सगळा जन्म मिठागरात आणि खाडीत गेलेला. पदर खोचून गुडघाभर चिखलात उतरायची आणि निवट्या धरून आणायची. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारी बोटाएवढी मासळी — नुसत्या हाताने धरायची, आणि हातातून निसटायच्या आत टोपलीत. मासळी विकत घ्यायची असते हेच तिला म्हातारपणापर्यंत नीट पटलेलं नव्हतं. पण खाडीचं पाणी काळं पडलं, निवट्या गेल्या, तिचे गुडघेही गेले. मग दारावर मासळीवाली यायची आणि आई ओट्यावर बसून तिची वाट बघायची.

मासळी नसेल त्या दिवशी ती ताटावर बसायची आणि नुसती भाताकडे बघायची. बोलायची काही नाही. बोलली असती तर मी चार शब्द सुनावले तरी असते! पण ते बघणं — मला तिची चीड यायची, सांगूनच टाकते. तिच्या एकटीसाठी घेतली असती तर भागलं असतं म्हणाल. पण घरात कालवणाचा वास सुटल्यावर पोरांना डाळ कुठल्या तोंडाने वाढू? म्हणजे घ्यायची तर सगळ्यांना. माझी सगळी काटकसर रोज सकाळी त्या टोपलीपाशी येऊन बुडायची.

त्या वर्षी आईला चक्कर यायला लागली, पाय सुजले. कल्याण नाक्याजवळच्या दवाखान्यात मी तिला नेलं. नर्सने तिला रक्त काढायला आतल्या खोलीत नेलं होतं, तेवढ्यात डॉक्टर माझ्याशी बोलले. ब्लडप्रेशर आहे म्हणाले. मीठ कमी करा. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. आणि मग म्हणाले, “ओली चालेल. उलट द्याच, अंगात काही नाही त्यांच्या.”

रिक्षात बसल्यावर आईने विचारलं, “काय बोलला गो डाक्टर?”

मी म्हटलं, “मासळी बंद.”

झालं. एवढंच. ‘ओली चालेल’ हे दोन शब्द मी गिळले.

ठरवून केलं का? मला वाटतं हो. घरापर्यंतच्या रस्त्यात मी सुधारू शकत होते, राजनोलीचा नाका यायचा होता, ट्रक अडकलेले, रिक्षा कितीतरी वेळ जागची हलत नव्हती. आई म्हणाली, “सगली?” मी म्हटलं, “सगळी.” तिने मान हलवली. बाहेर बघत राहिली. आणि मी काय करत होते माहीत आहे? मनात आठवड्याचा स्वयंपाक लावत होते. सोमवारी वाल, मंगळवारी डाळ, बुधवारी अंडी...

मला वाटलं होतं, ती भांडेल. लपून खाईल. शेजारी जाऊन खाईल. तिने तसं काहीच केलं नाही. ती पथ्य पाळायला लागली! असं पाळलं की बघत राहावं. मासळीवाली आली की ओट्यावरूनच हात हलवायची, “मना नको गो बाय, डाक्टरानी बंद केलंय.” लग्नाला गेलो तर पंगतीत आधी विचारायची, यात सुकट तर नाही ना? येईल त्याला सांगायची — माझे सुनेचं लक्ष हाय म्हणून मी हाय. गावात माझं नाव झालं. सून असावी तर अशी. बाया आता काटकसर विचारायला नाही, सासूचं पथ्य कसं सांभाळायचं ते विचारायला यायच्या. मी सांगायचेही. निर्लज्जासारखी सांगायचे.

घरात मासळी रविवारपुरती राहिली. खर्च आटोक्यात आला. खोटं फळलं म्हणा ना.

दर दोन महिन्यांनी तपासणी असायची. नवरा म्हणायचा, या खेपेला मी नेतो. मी म्हणायचे, तुमची ड्युटी बुडेल, मीच नेते. दवाखान्याच्या दाराशी आई माझा हात धरायची. “इचार ना गो. बोईट तरी चालंल का? लहानसं?” डॉक्टरांपुढे तिचं स्वतःचं तोंड उघडायचं नाही; तपासून झालं की तिला बाहेर बाकावर बसवून मी एकटी पुन्हा आत जायचे. डॉक्टरांना बोईटाचं काय, कुठल्याच मासळीचं काही विचारायचे नाही. गोळ्या लिहून घ्यायचे आणि बाहेर येऊन मान हलवायचे — नाही म्हणाले. किती खेपा असं केलं? मोजलं नाही. पहिलं खोटं मी रिक्षात बोलले, ते एक वेळ समजू शकते मी. पण हे? दर वेळी ती बाकावर बसून दाराकडे बघत असायची, आणि दर वेळी मी बाहेर येऊन पुन्हा तेच करायचे.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं ना. डॉक्टरांनी आता परवानगी दिली म्हणायचं, हाय काय न्हाय काय. मलाही तसंच वाटायचं. हातात चार पैसे आले की सांगू.

ते आले. काल्हेरकडे आमच्या भावकीची जमीन होती, ती गोडाऊनवाल्याने घेतली. नवऱ्याच्या वाट्याला जे आलं त्यातून त्याने लूम सोडली, टेम्पो घेतला. घरात टाइल्स बसल्या. आणि मासळी — रोज! पापलेट, सुरमई, मोठी कोलंबी, जे पूर्वी नुसतं नावाने माहीत. सगळे जेवायला बसायचो आणि आई आतल्या खोलीत आपलं ताट घेऊन बसायची. वास येतो म्हणून नाही. “तुम्हाला माझ्यासमोर खाताना वाईट वाटल,” म्हणायची.

पण मासळी साफ करायला मात्र तीच बसायची. मला हात लावू द्यायची नाही. मोरीपाशी पाट घ्यायचा, विळीवर खवले काढायचे, आतलं काढायचं, तुकडे पाडायचे. तिच्यासारखे तुकडे मला अजून जमत नाहीत. एकदा मी मागून बघितलं. मासळी धुऊन झाली होती, पातेलं मी नेलं होतं, आणि ती तशीच बसली होती — बोटं नाकापाशी धरून. साबण बाजूला होता. तिने साबण घेतला नाही. नुसत्या पाण्याने हात धुतले आणि लुगड्याला पुसले.

त्या दिवशी मला रडू आलं, आणि मी ठरवलं. पुढच्या तपासणीहून आल्यावर सगळ्यांसमोर म्हटलं, “डॉक्टर म्हणाले, आता थोडी ओली चालेल.” वाटलं, सुटले.

कसली सुटते! नवरा हातातला घास टाकून उठला. “काय गरज हाय? एवढी वर्षं पाळलं म्हणून आई धडधाकट हाय. आता तोंडाच्या चवीपायी वाटोळं करायचं काय?” मी म्हटलं, अहो, डॉक्टरच म्हणाले. तर तो म्हणाला, डॉक्टरांचं काय जातं? आणि आई — जिच्यासाठी मी हे बोलत होते ती आई — माझ्याकडे बघून हसली. “नको गो बाय. माझा जीव तूच राखलास. आता कशाला?”

मी जागच्या जागी अडकले. खरं सांगायचं तर एकच वाट होती: ओल्या मासळीचं पथ्य कधी नव्हतंच म्हणायचं. पण ते कसं म्हणणार? तिच्या तब्येतीचं सगळं श्रेय घरात त्या पथ्याला होतं. आणि दुसरी भीती — ती तर आणखी हलक्या मनाची होती. समजा मी जबरदस्तीने एक तुकडा खाऊ घातला, आणि महिन्याभरात तिचं बरंवाईट झालं, तर? सुनेने मारलं म्हणतील. म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही. म्हणजे बघा, आधी खर्चासाठी तिचा घास काढला आणि मग नावासाठी.

ती गेली सकाळची. चहा घेतला, ओट्यावर बसली, आणि मान एका बाजूला गेली. मासळीवाली समोरूनच येत होती, तिनेच आधी हाक मारली.

दिवस सरल्यावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं ताट ठेवायची आमच्या घरात रीत आहे. त्यात मासळीही चालते. मी कुठून कुठून सांगून निवट्या मिळवल्या. अजून कुठे कुठे मिळतात, पण महाग. मी भाव केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कसलाही भाव केला नाही. स्वतः साफ केल्या, वेंधळ्या हाताने, कोकम घालून तिला आवडायचं तसं लालभडक कालवण केलं. भात, भाकरी, आणि मधोमध निवट्यांची वाटी. मला वाटलं, निदान आता तरी. तिला काही पोचतं की नाही मला माहीत नाही. पण मला ती वाटी त्या ताटात हवी होती.

नवरा ताट उचलायला आला आणि थांबला. “हे काय?”

नणंद म्हणाली, “दादा, आईची आवड होती रे.”

“आवड होती, पण तिनं पाळलं ना? मरेस्तवर पाळलं. आता आपण तिचं पथ्य मोडायचं काय?” तो आईवर मनापासून माया करणारा माणूस, तो काही चुकीचं करतोय असं त्याला वाटतच नव्हतं. त्याने वाटी उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली आणि तिच्या जागी वरणाची वाटी ठेवली.

मी तिथेच उभी होते. हातात डाव होता. घरात सगळे होते — नणंद, पोरं, भावकीतल्या बाया. तेव्हा सांगितलं असतं तर? आई तर गेलेली, तिला काही लागणार नव्हतं. एक वाक्य होतं. नणंदेने माझ्याकडे बघितलंसुद्धा, मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी म्हटलं, “बरोबर आहे ह्यांचं.”

ताट वरण-भाताचं गेलं. माणसं जेवली, पांगली. मी ओटा आवरायला घेतला तर वाटी तशीच. निवट्या गार झालेल्या, वर तेल साचलेलं. टाकून देऊ म्हटलं तर हात होईना. इतकी वर्षांची सवय.

तिथेच उभी राहिले आणि खाल्ल्या. सगळ्या. वाटी भाकरीने पुसून घेतली.