कॅप्टन लंटचे डोळे

जबेझ टकचा चेहरा देवाने घाईत केला असावा. वाईट नव्हता, पण एकदा पाहून पुन्हा आठवावा असं त्यात काही नव्हतं. अमेरिकेतल्या न्यूबरीपोर्ट बंदराच्या धक्क्यावर तो पिंपं बनवायचा, पन्नाशीला टेकला होता, एकटाच राहायचा. "तो नाही का, पिंपांमागे उभा असतो," अशी लोक त्याची ओळख सांगत. पिंपं मात्र सगळ्यांना आठवत.

असला चेहरा कुणाच्या कामी येईल असं खुद्द जबेझलाही वाटलं नव्हतं. पण इंग्लंडच्या राजाशी झालेलं भांडण मिटून वीसेक वर्षं झाली होती, जहाजं लांब लांब जाऊ लागली होती, आणि त्यातली काही परत येत नव्हती. मागे राहिलेल्या बायकांना गळ्यात घालायला नवऱ्याची तसबीर हवी असे: हस्तिदंताच्या इवल्याशा चकतीवर रंगवलेली, वर काच, मागे केसांची बट. आता नवरा समुद्राच्या तळाशी; तो समोर येऊन बसणार कसा? मग खाणावळीच्या माडीवर उतरलेला चित्रकार लेवी ड्रेक जबेझला हाक मारी.

"टक, तुमच्या चेहऱ्याची कुणाला अडचण होत नाही," ड्रेक म्हणे. "त्यावर कुणीही बसतो."

एका विधवेने सांगितलं, "नाक मिस्टर टकांसारखंच काढा, फक्त जरा हुशार." दुसरीने त्याची नुसती हनुवटी घेतली. असं होता होता गावातल्या बऱ्याच गळ्यांत जबेझ थोडा थोडा लटकू लागला. अख्खा मात्र कुठेच नाही. आपली स्वतःची तसबीर काढली तर ती घालणार कोण, असा प्रश्न त्याला एकदा पडला होता. त्याने तो तिथेच सोडला आणि पुढच्या पिंपाला कडं ठोकायला घेतलं.

मग डॉर्कस लंट आली. तिचा नवरा, कॅप्टन लंट, वेस्ट इंडीजहून निघाला तो आलाच नव्हता. चर्चमध्ये जबेझ तिच्या मागच्या बाकावर बसे. इतक्या वर्षांत तिच्या टोपीची झालर कुठे उसवली, कुठे शिवली, हे त्याला पाठ झालं होतं. टोपीच्या पुढची बाजू पाहायचं धाडस मात्र झालं नव्हतं.

तिने कॅप्टनचा निळा कोट आणला होता. जबेझने तो चढवला. बटणांनी जमेल तेवढं सहकार्य केलं.

"पोट आत घ्या," ड्रेक म्हणाला.

"घेतलंय."

"मग सोडा आता. बाई हसतायत."

डॉर्कस खरंच हसत होती. ती समोर बसून सांगत राहिली: भुवया दाट करा, केस थोडे कमी. ड्रेकने जबेझला समोर बघायला सांगितलं होतं, आणि समोर ती होती. तिच्याकडे उघड बघायची परवानगी त्याला जन्मात पहिल्यांदा मिळाली होती. त्याने ती पुरेपूर वापरली.

तसबीर झाली. डॉर्कस ती खिडकीशी घेऊन गेली आणि उजेडात तिरकी धरून पाहू लागली.

"जबडा हुबेहूब आहे, मिस्टर ड्रेक. पण डोळे ह्यांचे नाहीत."

"रंग चुकला का?"

"रंग नाही हो." ती जरा घुटमळली. "हे माझ्याकडे कधी असं बघत नसत. जेवतानासुद्धा लक्ष वाऱ्याकडे. हा कुणीतरी परका माणूस आहे. त्याला मी गळ्यात कशी घालू?"

बोलायचं तर आत्ताच, हे जबेझला कळत होतं.

"मी..." तो म्हणाला.

"तुमचा काही दोष नाही, मिस्टर टक," डॉर्कस मायेने म्हणाली. "तुम्ही छानच बसलात."

ड्रेकने कुंचला पाण्यात बुडवला. "हस्तिदंतावरचा रंग ओल्या कुंचल्याने निघतो, बाई. टक, मान तशीच ठेवा. नजर तेवढी खिडकीबाहेर."

जबेझने बंदराकडे पाहिलं. कुंचला चकतीवर फिरला, मग फडक्यावर पुसला गेला. डॉर्कस ड्रेकच्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

"त्यांना आणखी लांब बघू द्या," ती म्हणाली. "अजून जवळचंच काहीतरी बघतायत."

जबेझने शिडं सोडली, वाळूचा बांध सोडला, आणि पाणी कुठे संपतं अन् आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना, इतक्या दूर नजर नेऊन ठेवली.

"हं," डॉर्कस म्हणाली. "आता हे आले."