फिरवलेला चौकोन

शकुंतलाबाई आमच्या अंगणवाडीच्या सेविका. पलूसपासून पाच-सहा किलोमीटरवर आमची वस्ती. एकाच आवारात जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आणि तिला लागून अंगणवाडी. पहिली-दुसरीचे वर्ग माझ्याकडे. मधे एकच भिंत, त्यामुळे अकरा वर्षं मी बाईंचं शिकवणं कानांनी ऐकत आले. मी डी.एड. झालेली, बाई दहावी. पण लहान पोरांना आकार शिकवावेत ते बाईंनीच. हे मी आता लिहितेय. जेव्हा नुसतं तोंडाने म्हणायचं होतं, तेव्हा म्हटलं नाही.

तक्ता त्यांच्याकडेही होता, पण त्यावर त्यांचा राग. "तक्त्यावरचा त्रिकोण सदा ताठ बसल्याला. पोरास्नी वाटतंय, आडवा झाला की मेला!" त्यांचं साधन म्हणजे दोन्ही टोकं गाठ मारून जोडलेली लांब सुतळी. तीन पोरं आत शिरून, सुतळी कमरेमागून घेऊन मागे रेलली की त्रिकोण. चौथं आत आलं की चौकोन. मग बाई ओरडायच्या, "चला, फिरा!" चौघं सुतळी तशीच ताणून गरागरा फिरायची.

"थांबा! आता काय हाय?"

"चौकोन!"

"आरं, वाकडा उभा ऱ्हायलाय की!"

"तरी चौकोनच!"

"व्हय. पाट फिरवला म्हणून त्येचा काय पोळपाट हुतो व्हय?" यावर पोरं हसून लोळायची. शेवटी सगळा वर्ग सुतळीत घ्यायचा. पंचवीस पोरं आत शिरली की कुठे कोपरा म्हणून राहायचा नाही, बांगडीसारखा गोल व्हायचा. मी माझा वर्ग सोडून खिडकीतून बघत राहायचे.

मग पलूसच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन वस्तीवर यायला लागली. दर जूनला चार-दोन पोरं तिच्यात बसून जायची. होता होता सात उरली. सात पोरांत गोल होत नाही, कोपरे दिसतात. बाई तो भाग घाईघाईने उरकायच्या आणि सुतळी गुंडाळून ठेवायच्या. त्यात दिवाळीनंतर पर्यवेक्षिका येऊन तोंडी सांगून गेल्या, की जूनला पोरं आणखी घटली तर ही अंगणवाडी कॅनॉलपलीकडच्या अंगणवाडीत मिसळतील. तिथे सेविका आहे, तुमचं काय ते नंतर बघू. सव्वीस वर्षांच्या नोकरीचं हे एका वाक्यात झालं.

आमच्याकडे पालकसभेला कुणी फिरकत नाही, हळदीकुंकवाला मात्र घर बंद करून सगळ्या येतात. म्हणून बाईंनी संक्रांतीनंतरच्या शनिवारी अंगणवाडीतच हळदीकुंकू ठेवलं. आया जमल्या की त्यांच्यासमोर पोरांकडून सगळं म्हणवून घ्यायचं, म्हणजे व्हॅनचं खूळ उतरेल, असा बेत. बाई विधवा. त्यामुळे कुंकू लावायला मदतनीस तानुबाई पुढे आणि बाई मागे, तिळाच्या वड्यांचं ताट धरून. वाण म्हणून स्टीलच्या वाट्याही त्यांनीच आणल्या होत्या.

त्यांचा सगळा डोळा अंकितावर होता. अंकिता बारावी शिकलेली, बचत गटाची अध्यक्ष. तिची शिवांजली त्या सातांत सगळ्यात चलाख. अंकिताने पोरगी इथे ठेवली तर बाकीच्या ठेवणार, तिने काढली तर बाकीच्या काढणार, हे वस्तीत कुणालाही कळत होतं.

गाणी झाली, अंक झाले. मग बाईंनी पुठ्ठ्याचा चौकोन घेतला आणि मुद्दाम एका कोपऱ्यावर उभा धरला. "शिवांजली, काय गं ह्ये?"

"चौकोन!"

माझा धवल माझ्या मांडीवर बसला होता. तो सीनियर केजीला, पलूसला, त्याच पिवळ्या व्हॅनने जाणारा. तो ताडकन उठून ओरडला, "नो! डायमंड!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अंकिताने वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, "बाई, तिकडं पोरं डायमंड म्हंत्यात, आन् हितं अजून चौकोनच व्हय?"

"आवं, ह्यो बघा, सरळ केला. बाजू त्याच, कोपरे त्येच." बाई पुठ्ठा फिरवून फिरवून दाखवत होत्या. ऐकत कुणीच नव्हतं. तशा त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी सांगा की, मॅडम. तुमी शिकल्याल्या हायसा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. उत्तर मला ठाऊक होतं. पण ते दिलं असतं तर माझं पोर चुकलं असं चारचौघींत निघालं असतं. आणि सरकारी शाळेत शिकवून स्वतःचं पोर तिकडे घातलेली मी, मग मी काय ठरले असते? मी म्हणाले, "तसं दोन्ही म्हणतात." आणि धवलच्या तोंडात वडी कोंबली.

अंकिता वाटी घेऊन उठली. बाई पुठ्ठा धरून तशाच उभ्या. 

जूनला शिवांजली व्हॅनमध्ये चढली, तिच्यामागून आणखी चार. दोन पोरं राहिली. दोन पोरांनी सुतळी ताणली तर तिचा कुठलाच आकार होत नाही, नुसती दुहेरी रेघ होते. ऑगस्टात खोलीला कुलूप लागलं.

पंधरा दिवसांनी बाई माझ्या घरी आल्या. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "तुमच्या पोराच्या शाळंत आया पायजेल म्हणं. तुमची वळख हाय, तेवढा शब्द टाका." तो मात्र मी लगेच टाकला. आता त्या त्याच व्हॅनमधून जातात, पोरांना चढवतात, उतरवतात, शी-शू बघतात. धवल त्यांना मावशी म्हणतो.

परवा पालकभेटीला गेले तर बाई वर्गाबाहेर स्टुलावर बसलेल्या. आत पोरं एका सुरात ओरडत होती, "डायमंड!" त्यात शिवांजलीचाही आवाज होता. मला राहवलं नाही. "बाई, आत जाऊन सांगावंसं वाटत नाही तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, काहीच नव्हतं.

"तवा तुमी मास्तरीण असून बोलला न्हाईसा, मॅडम. मी तर आया हाय."

तेवढ्यात आत कुणीतरी चड्डी ओली केली, म्हणून हाक आली आणि त्या उठून गेल्या.